अठ्ठावीस ते एकतीस इंच

मोडनिंबच्या माणसाने समुद्रातल्या मासेमारीवर लिहावं म्हणजे जरा अतिच! आमच्याकडे पाणी म्हणजे बोअरचं, कॅनॉलचं आणि फार तर उजनीचं. त्यात पंढरपूर जवळ, म्हणून घराघरांत माळकरी. मासे खायचे ते मामांकडे गेल्यावर. मामांचं मूळ गाव करमाळा तालुक्यातलं. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं, गाव-शेत पाण्याखाली गेलं आणि ज्या पाण्याने जमीन गिळली त्याच पाण्यात मामा जाळं टाकायला लागले. चिलापी, कटला, मरळ. आजही टाकतात.

तर, सध्या मुक्काम पोस्ट न्यू जर्सी. 2024 च्या मे महिन्यात हापिसातल्या सहा जणांनी एका वीकांताला चार्टर बोट ठरवली. चार्टर म्हणजे कप्तानासकट भाड्याने घेतलेली बोट. गळ, आमिष, मदतनीस, सगळं त्यांचं. आपण फक्त पहाटे पाचला बंदरावर पोचायचं, उलटीची गोळी खायची आणि शेवटी मदतनिसाला टिप द्यायची :)

मासा कुठला? स्ट्राइप्ड बास. चंदेरी अंगावर सात-आठ काळ्या रेघा, वही आखल्यासारख्या. राहतो समुद्रात, पण वसंत ऋतूत अंडी घालायला हडसन, डेलावेअर आणि चेसापीक खाडीच्या नद्यांत शिरतो. आपल्या अलिबागकडचा जिताडा बरोब्बर उलटं करतो, तो वाढतो नदी-खाडीत आणि अंडी घालायला जातो समुद्राच्या तोंडाशी.

अटलांटिक हायलंड्सच्या बंदरातून निघालो. उजवीकडे सँडी हूकचं 1764 सालचं दीपगृह, जे आजही चालू आहे. आमिष म्हणून जिवंत बंकर, म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातला पण बराच मोठा मासा. गळाचं टोक आतल्या बाजूला वळलेलं. आमिष लावून हा मासा धरायचा तर 2021 पासून असाच गळ सक्तीचा आहे. तो पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो.

तासभर काहीच नाही. मग माझ्या रिळाने असा काही आवाज काढला की बस! काठी कमानीसारखी वाकली. मी दोन हात गुंडाळतोय, तो चार हात ओढून नेतोय. दहा मिनिटांनी मनगटं गेली आणि पाण्यात ते रेघांचं अंग दिसलं. मदतनिसाने जाळीत घेतला, बोटीवर चिकटवलेल्या पट्टीवर ठेवला आणि म्हणाला, अडतीस इंच. सोडायचा.

सोडायचा??

मे 2023 पासूनचा नियम असा की 28 ते 31 इंचांमधलाच मासा घरी न्यायचा, तोही माणशी दिवसाला एक. त्याने माझा मासा जबड्याला धरून पाण्यात तसाच धरून ठेवला. शेपटीचा एक फटकारा बसला आणि संपलं. मला आनंद वगैरे अजिबात झाला नाही. दुपारपर्यंत 30 इंची एक मिळाला, तो घरी आला.

रात्री मामांना फोन केला. ते म्हणाले, "आरं, बारका सोडायचा हे कळतं. पर घावलेला मोठा कोण सोडतं व्हय?"

उत्तर मी बोटीवरच ऐकलेलं. मोठा मासा बहुधा मादी असते आणि मादी जितकी मोठी, तितकी अंडी जास्त, अगदी लाखोंनी. हा मासा एकदा संपत आला होता. 1984 मध्ये अमेरिकेने त्याच्यासाठी कायदा केला, 1985 ते 1990 मेरीलँडने मासेमारीच बंद ठेवली आणि 1995 मध्ये तो सावरला असं जाहीर झालं. 2019 मध्ये पुन्हा घंटा वाजली. त्यातून ही पट्टी आली. ती काही जादू नव्हे. सोडलेल्यांतलेही साधारण 9 टक्के मरतात असं हिशेबात धरतात.

मग मामांना जिताड्याची गंमत सांगितली. तो लहानपणी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे वेचून खाल्ले तर अंडी घालणार कोण? मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हितं बारीक आसाच्या जाळ्यात पिलंच उचलत्यात. मोठा व्हायला शिल्लक ऱ्हाईल तवा सोडायचं बघू."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हौसेने गेलो होतो, मासा सोडून माझं काही बिघडलं नाही. मामांचा सोडलेला मासा शेजारच्या जाळ्यात जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. नियम सगळ्यांनी पाळला तरच एकट्याने पाळण्यात अर्थ. 2023 मध्ये महाराष्ट्रानेही समुद्रातल्या 54 जातींसाठी किमान आकार ठरवले आणि पापलेटला राज्यमासा केलं. पण मंडळी, तळहाताएवढं पापलेट स्वस्तात मिळालं की पिशवी पुढे करणारे आपणच ना? पट्टी बोटीवर असते तशी बाजारातही हवी.

असो. फोन ठेवताना मामा म्हणाले, "त्या माशाचा नगं, त्या पट्टीचा फोटू धाड."