ट्रिमर, कात्री आणि मेंदीतले घरटे



गेल्या मे महिन्यात लेकाने पुण्याहून बॅटरीवर चालणारा हेज ट्रिमर पाठवला. "आई, खांदा दुखतो म्हणतेस ना, आता ती जुनी कात्री टाकून दे." आमच्या घरापुढे ३० फूट मेंदीचे कुंपण आहे. लांब दांड्यांच्या कात्रीने ते सारखे करायला मला दोन सकाळी लागायच्या. ट्रिमरने पाऊण तासात उरकले. हाताला इतकी मजा वाटली की जास्वंद आणि अनंतही गोल करून टाकले.

मग पाला गोळा करताना बुलबुलाचे घरटे हाती आले. वाटीएवढे, एका बाजूने तिरके कापलेले. दोन अंडी फुटली होती. तिसरे, फिकट गुलाबी, तांबूस ठिपक्यांचे, शाबूत होते. घरटे पुन्हा फांदीत बसवले, पण दोन दिवस तारेवर ओरडून ती जोडी निघून गेली.

संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले तर मन लागेना. हे म्हणाले, "तू काय मुद्दाम केलंस? घरसंसारात आरंभी हिंसा सुटत नाही." खरे आहे. पण समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातली प्रमादचर्या म्हणजे विनाकारण माती उकरणे, पाणी सांडणे, झाडे-पाने तोडणे. कुंपण रस्त्यावर येत होते, ते कापायला कारण होते. जास्वंदीला काय कारण होते? यंत्र हातात चालू होते, एवढेच. कात्रीच्या पहिल्या खटक्याला पाखरू उडाले की आपण थांबतो. ट्रिमरच्या घरघरीत ते उडालेले मला कळलेसुद्धा नाही.

तेव्हा ट्रिमर माळ्यावर ठेवला आणि कात्रीला धार लावून घेतली. दोन ऐवजी तीन सकाळी लागतात आता, लागू देत.

माझे माहेर तासगाव भागातले, द्राक्षबागेचे. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीला घरात सिकेटरशिवाय दुसरा विषय नसायचा. त्यामुळे दुकानात त्याची दोन रूपे दिसली तरी माझा गोंधळ होत नाही. एकात पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात. ओल्या फांदीला हाच घ्यावा, काप स्वच्छ येतो. दुसऱ्यात एकच पाते सपाट पट्टीवर बसते. त्याने ओली फांदी चेचते, म्हणून तो वाळक्या काटक्यांना. गुलाब मी ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर छाटते, बाहेरच्या अंगाला असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप. एका झाडाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून मधे पाते स्पिरिटने पुसायचे.

बोटापेक्षा जाड फांदीवर सिकेटर पिळू नये. पाते आणि मनगट, दोन्ही जातात. तिथे घडीची करवत, जिचे दात ओढताना कापतात. शेवग्याची फांदी एकदा मी सरळ वरून कापायला घेतली. अर्ध्यात ती स्वतःच्या भाराने मोडली आणि खोडाची साल हातभर सोलत गेली. आता आधी खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूने तिसरा हिस्सा कापते. मग थोडे पुढून वरून. भार खाली आला की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याला न दुखवता काढते.

यंत्राशी माझे वैर नाही. घरामागचा मोठा आंबा झुकला तर करवतीने कोण पुरा पडणार? पण ते माझे काम नव्हे. त्याला महापालिकेची परवानगी काढायची आणि जाणती माणसे बोलवायची. विजेच्या तारेजवळच्या फांदीला तर कुणीच घरचे हत्यार लावू नये, महावितरणला कळवावे.

परवा पावसाने उघडीप दिली तशा शेजारच्या वहिनी आल्या. "काकू, तुमचा तो ट्रिमर पडूनच आहे ना, द्या की." मी गप्पच झाले. कुऱ्हाड, कुदळ, विस्तव असली साधने दुसऱ्याला देणे म्हणजे हिंसादान, हाही त्याच पाचांतला प्रकार. पण शेजाऱ्याला नाही कसे म्हणायचे?

म्हटले, "उद्या मीच घेऊन येते. आधी दोघी मिळून कुंपण आतून बघू."

त्या हसल्या, पण सकाळी माझ्याबरोबर फांद्या बाजूला करू लागल्या. कुंपणाला टेकलेल्या अंजिराची पाने शिवून शिंपी पक्ष्याने घरटे केले होते. आत पिले होती. तेवढे चार फूट कुंपण अजून वाढलेलेच आहे, आणि वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे कारण सांगतात.