सोन्याच्या कणांचा कोट

गेल्या उन्हाळ्यात आजी दादरहून आमच्याकडे आयसेलिनला आली होती. ताई तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होती. रोज संध्याकाळी आजी विचारायची, "आज काय केलंस गं?" ताई म्हणायची, "आजी, ते मराठीत नाही सांगता येणार." मग आजी गप्प बसायची. आम्हां दोघा धाकट्यांना ते बरं वाटेना. आम्ही ठरवलं, आपणच सांगायचं.

ताईचं काम सोन्याच्या कणांचं. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे नॅनोमीटर. तिचे कण 10 नॅनोमीटरचे. आपला केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड असतो! इतकं बारीक सोनं पाण्यात लाल दिसतं. या कणांना डीएनएचे धागे चिकटवतात. 1996 साली नॉर्थवेस्टर्न आणि बर्कली इथल्या शास्त्रज्ञांनी ते करून दाखवलं. पण धाग्यांसकट कण केवढा? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये सोनं स्पष्ट दिसतं, धागे जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून जेल वापरतात.

आम्ही घरीच जेल केलं. ओक ट्री रोडवरून चायना ग्रास आणलं. आजीने ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून थापलं. "अगदी खरवस!" ती म्हणाली. एका टोकाशी खाचा पाडून त्यांत खाण्याचे रंग घातले आणि बाबांनी 9 व्होल्टच्या 5 बॅटऱ्या जोडल्या. पहिल्यांदा तारा उलट लागल्या आणि रंग मागच्या मागे पाण्यात गेले! दुसऱ्यांदा मात्र लाल आणि निळा वेगवेगळे धावले.

डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून कण धन टोकाकडे ओढले जातात. जेल म्हणजे जाळीच. आजी म्हणाली, "दादरच्या बाजारात लहान पोर सुळकन निघून जातं, मी अडकते."

"आणि जाड कोट घातलेलं पोर?"

"तेही अडकणारच!"

डीएनए हाच तो कोट. कण किती अडखळतो ते विरळ आणि घट्ट जेलमध्ये बघायचं, शेजारी माहीत असलेल्या मापाचे कण पळवून ताडून पाहायचं. आलेल्या मापातून नुसत्या सोन्याचं माप वजा केलं की कोटाची जाडी कळते. बर्कलीच्या गटाने 2003 साली याच रीतीने दाखवलं की धागे थोडे असले तर ते सोन्यावर आडवे पसरतात. दाटी झाली की आखूड धागे ताठ उभे राहतात.

आजी हसली. "म्हणजे आमची लोकल! गर्दी झाली की सगळे उभेच."

त्या संध्याकाळी तिने ताईला विचारलं, "काय गं, आज कोट केवढा निघाला?" ताई बघतच राहिली. मग खुर्ची ओढून आजीजवळ बसली आणि अडखळत का होईना, मराठीत सांगू लागली.

आजी आता दादरला परत गेली आहे. पण दर रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न कोटाचाच असतो, आणि फोन ताईच उचलते.