उत्तर कोणाला?

आमच्या बदलापूरच्या नावाची एक कथा सांगतात. पूर्वी म्हणे या वाटेने जाणारे इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. घोडे बदलणं सोपं असावं. मी याच गावात बसून एक सेटिंग बदलायला गेलो, तर पन्नास वर्षांची मैत्री पणाला लागली.

'मेल' म्हणजे बदलापूरला न थांबता धाडधाड निघून जाणारी गाडी, ही माझी निम्म्या आयुष्याची समजूत. निवृत्तीनंतर मुलाने संगणक आणून दिला, आमच्या शाळेतल्या वर्गाचा ई-मेल गट काढला आणि मला त्याचा व्यवस्थापक केलं. एका पत्त्यावर लिहिलं की ४२ घरी पोचायचं. शाळेत मला कुणी मॉनिटरसुद्धा केलं नव्हतं. छाती फुगायचीच.

एक दिवस अंबरनाथच्या मित्राचा मेल आला. 'यंदाचं स्नेहसंमेलन शिवमंदिराच्या जवळपास करू. माणशी पाचशे रुपये आधी पाठवा.' मंदिर १०६० सालचं. त्याच्याजवळ उभं राहिलं की आमची बॅचही तरुण दिसते, हा त्यातला छुपा हेतू. उल्हासनगरच्या मित्राने लगेच कळवलं, 'मी येणार.' त्याच्या मेलखालचं 'उत्तर द्या' हे बटण दाबून मी त्याला, फक्त त्याला, लिहिलं, 'पैसे देताना जपून. गेल्या खेपेचा हिशेब अजून यायचाय.'

दहा मिनिटांत त्याचा फोन. "अरे, हे मला लिहिलंस की अख्ख्या वर्गाला?"

संध्याकाळी अंबरनाथहून हिशेब आला. शाई-पेनाने लिहिलेला, कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत सगळा. तळाला एकच ओळ : 'खर्च जमेपेक्षा ११४० रुपये जास्त. ते मी घातले.' माझ्याविषयी एक अक्षर नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर रात्री झोप तरी लागली असती. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही.

"अहो, पण पाठवण्याआधी वरचा पत्ता वाचायचा ना!" बायको म्हणाली. मी संगणकाला दोष देऊन मोकळा झालो आणि उल्हासनगर गाठलं.

उल्हासनगर फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलं. तिथले पत्ते अजून कॅम्प नंबरने सांगतात. दुकानदार मित्र म्हणाला, "कॅम्प नंबर वाचल्याशिवाय आम्ही माल सोडत नाही. तू अब्रू सोडलीस!" मग त्याने कॉम्प्युटर उघडून समजावलं. प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याचं नाव असतं. त्याखेरीज 'उत्तर इथे पाठवा' अशी आणखी एक ओळ असू शकते. ती एरवी आपल्याला दिसत नाही. आमचा गट त्या ओळीत स्वतःचाच पत्ता घालत होता. म्हणजे कुणा एकाला उत्तर द्यावं, तर ते सगळ्यांकडे. "तू एकटाच नाहीस," तो म्हणाला. २०१६ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत चाचणीचा एक मेल आठ लाखांहून जास्त लोकांना गेला होता. 'मला यातून वगळा' हेसुद्धा शहाण्यांनी सगळ्यांनाच कळवलं होतं. ऐकून बरं वाटलं. पण त्या आठ लाखांत अंबरनाथचा मित्र नव्हता.

आम्ही सेटिंग बदलली. यापुढे उत्तर फक्त लिहिणाऱ्याला.

झालं, आता उलटा घोळ. 'कोण कोण येणार?' असं अंबरनाथकराने विचारलं. सगळ्यांची उत्तरं एकट्या त्याच्याकडे गेली. गटावर शुकशुकाट! दुसरं कुणी येत नाही असं वाटून चौघांनी आपलंही येणं रद्द केलं. आधी नको ते सगळ्यांना कळत होतं, आता हवं तेही कुणाला कळेना.

शेवटी एका रात्री धीर करून मी त्याचा हिशेबाचा मेल उघडला आणि 'उत्तर द्या' दाबून माफी मागितली. सेटिंग बदललेली आहे, आता एकट्यालाच जाणार, म्हणून अगदी मोकळेपणाने लिहिलं. चौथीत त्याच्या डब्यातली पुरणपोळी मीच चोरली होती, हेही कबूल केलं.

पण सेटिंग पुढे येणाऱ्या मेलपुरती बदलते. जुन्या मेलवर जुनाच पत्ता चिकटलेला असतो. माफी, पुरणपोळीसकट, ४२ घरी पोचली!

सकाळी सहाला फोन. अंबरनाथ.

"माफी पोचली."

"अरे, ती फक्त तुला..."

"बरं झालं चुकलास. चारचौघांत बोललास, माफीही चारचौघांत मागायला हवी होती. एकट्याला आली असती तर मी उत्तर दिलं नसतं."

मला बोलवेना. तोच पुढे म्हणाला, "पाचशे पाठव. आणि येताना पुरणपोळ्या आण. पन्नास वर्षांच्या व्याजासकट."

हल्ली मी 'पाठवा' दाबण्यापूर्वी वरचा पत्ता दोनदा वाचतो. कल्याणला इंडिकेटर न वाचता गाडीत चढलं की विठ्ठलवाडीऐवजी शहाड येतं. तिथून निदान परतीची गाडी तरी मिळते.