दरबारातली बैठक

चर्चमधल्या नव्या उपासनेचा विषय निघाला की चर्चा बहुधा वाद्यांपाशीच अडते: ऑर्गन हवा की गिटार, गीतपुस्तक हातात हवे की ओळी पडद्यावर. मला यापेक्षा मोठा प्रश्न वाटतो तो कोणाच्या शेजारी कोण बसतो हा. कवी नारायण वामन टिळकांनी तो शंभरहून अधिक वर्षांपूर्वी विचारला. लहानपणी 1869 ते 1873 या काळात ते कल्याणात शिकले. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी मंडळीला अभंग-भजनांचा ठेवा दिला. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार ओसरला. एका माणसाच्या बळावर उभा होता म्हणून तो मोडला, असे कोणी म्हणेल. पण भजनेही त्याच माणसाची होती आणि ती आजही गायली जातात. भजन स्वीकारताना मंडळीला आपले कोण नि परके कोण, हे नव्याने ठरवावे लागले नाही. दरबार स्वीकारायचा तर ते ठरवावेच लागले असते.

टिळकांचा तो प्रश्न ते शिकले त्या कल्याणच्या परिसरात आजही उभा आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही रेल्वेने जोडलेली, बाहेरून आलेल्यांनी वाढवलेली शहरे. मराठी, कोकणी, मल्याळी, तमिळ ख्रिस्ती कुटुंबे एकाच वस्तीत राहतात, पण उपासनेला आपापल्या भाषेत, आपापल्या वेळी जातात. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिकांच्या मातृभाषेतल्या उपासनेला वाट दिली. 1988 मध्ये केरळमधल्या सिरो-मलबार परंपरेसाठी कल्याण धर्मप्रांत झाला. दोन्ही योग्यच झाले. त्याआधीची उपासनेची लॅटिन सर्वांनाच सारखी परकी होती, म्हणून तिच्यापुढे सगळे एकत्र बसत. पण न कळणाऱ्या प्रार्थनेत माणूस नुसता हजर असतो. आठवडाभर परक्या भाषेत राबणाऱ्याचा रविवारचा मातृभाषेतला तास कोणी हिरावू नये. माझे म्हणणे त्या तासाला धरून आणखी एक बैठक असावी एवढेच आहे, आणि त्यासाठी कीर्तनाइतका सोयीचा प्रकार मला दिसत नाही. कथा कीर्तनकार पुढे नेतो, श्रोत्याला फक्त ध्रुपद धरायचे असते. मराठी कच्ची असलेला तमिळ शेजारीही दुसऱ्या आवर्तनाला साथ देऊ शकतो. यामागे धर्मांतराचा हेतू आहे, असा संशय आज लगेच घेतला जाईल. पण बाप्तिस्म्याची अट नसलेल्या बैठकीत येणाऱ्याला काहीच सोडावे लागत नाही. ती दार उघडे ठेवून, संध्याकाळी, रस्त्यावरून ऐकू येईल अशीच भरावी.