लवणस्तंभ

वीस वर्षे मी अधोमुखी लवणस्तंभ फळ्यावर काढीत आलो. एकदा एका पोराने विचारले, "गुरुजी, तुम्ही पाहिलेत?" मी त्याला बाकावर उभे केले.

अंदमानात बाराटांगच्या धक्क्यावरून होडी निघाली. खाडी अरुंद होत गेली. दोहों बाजूंना कांदळाची मुळे बगळ्याच्या पायांसारखी चिखलात रोवलेली, वर फांद्यांची कमान. डोके वाकवूनच आत शिरायचे! मग थोडे पायी.

गुहेत वाटाड्याने विजेरी वर धरली. छतातून दगडी सुळके लोंबत होते. एकाच्या टोकाशी थेंब थरथरत होता. मी हात पुढे केला.

"हात नका लावू, साहेब," तो हिंदीत म्हणाला. "बोटाचे तेल लागले की ह्याची वाढ थांबते."

हात मी खिशात घातला. त्या पोराचे नाव मात्र काही केल्या आठवेना.