ऐकणारा राजपुत्र

राजेरजवाड्यांची उगाच तारीफ करणं बेथोव्हेनच्या स्वभावात नव्हतं. १७९६ मध्ये बर्लिनला त्यानं प्रशियाचा राजपुत्र लुई फर्डिनांड याचं वादन ऐकलं आणि म्हणे तोंडावर सांगितलं, तुम्ही राजपुत्रासारखं नाही, खऱ्या पियानोवादकासारखं वाजवता. पुढे आपला तिसरा पियानो कन्चेर्टो त्यानं याच माणसाला अर्पण केला.

फ्रेडरिक द ग्रेटचा हा पुतण्या १७७२ मध्ये जन्मला. १७९३ च्या माइन्झच्या वेढ्यात एका जखमी ऑस्ट्रियन सैनिकाला त्यानं गोळीबारातून पाठीवर वाहून आणलं, तेव्हापासून सैन्याचा तो लाडका. कर्जं आणि प्रेमप्रकरणं यांचीही कमतरता नव्हती. मला मात्र ओढ वाटते ती राहेल लेविनच्या घरी जाणाऱ्या राजपुत्राची. एका ज्यू व्यापाऱ्याच्या मुलीच्या त्या बैठकीत कवी, नट, मुत्सद्दी जमत. तिथं हाही त्यांच्यातलाच एक होऊन बसे. बोहेमियाचा पियानोवादक डुसेक १८०४ पासून त्याच्या पदरी होता. पण नोकर कमी, सोबती जास्त.

राजाश्रय म्हटलं की आपल्याला थैल्या आणि शालजोड्या आठवतात. लुई फर्डिनांडनं कलावंतांना त्याहून दुर्मीळ गोष्ट दिली: त्यांच्याकडून शिकायची तयारी. त्याचं एफ मायनरमधलं पियानो क्वार्टेट ऐकताना हे मला जाणवतं. पियानो त्याचं स्वतःचं वाद्य, त्याला कामही भरपूर; तरी तंतुवाद्यं बोलू लागली की तो बाजूला सरतो.

रणांगणावर हे सरणं त्याला जमलं नाही. नेपोलियनशी युद्ध व्हावं म्हणून आग्रह धरणाऱ्यांत तो पुढे होता. १० ऑक्टोबर १८०६ रोजी झालफेल्ड गावापाशी सुमारे ८ हजार प्रशियन आणि सॅक्सन सैनिकांनिशी तो मार्शल लानच्या मोठ्या फौजेसमोर उभा ठाकला. समोरच्या टेकड्या फ्रेंचांकडे, पाठीशी झाले नावाची नदी. फळी फुटू लागली तशी घोडदळ घेऊन तो स्वतः तुटून पडला. गँदे नावाच्या फ्रेंच हुसार स्वारानं शरण यायला सांगितलं, तर यानं तलवारीनं उत्तर दिलं आणि तिथंच मारला गेला. वय ३३. चारच दिवसांनी येना आणि आउअरश्टेट इथं प्रशियाचा कणाच मोडला.

डुसेकनं त्याच्यासाठी शोकसोनाटा रचला, पुढे लिस्टनं त्याच्या सुरावटींवर एलेजी लिहिली. मरण देखणं ठरलं. त्या देखणेपणाचीच मला थोडी भीती वाटते. टेकड्या शत्रूच्या हाती आणि नदी पाठीशी असताना थांबून लढायची किंमत त्याच्यामागून गेलेल्या साध्या शिपायांनीही मोजली, आणि त्यांच्या नावानं कुणी सोनाटा लिहिला नाही. चार वाद्यांत दुसऱ्याला जागा द्यायला शिकलेल्या माणसानं तीच शिस्त त्या सकाळी पाळून माघार घेतली असती, तर त्याला भित्रा म्हटलं गेलं असतं. त्याच्या काळाचा खरा दोष मला यातच दिसतो.