तिथीची पाऊणपट

कोकणच्या किनाऱ्याने गाडी न्यायची तर आधी एक वाद मिटवावा लागतो. वरून खाली जायचं की खालून वर यायचं? दक्षिणेकडे निघालं की समुद्र उजव्या हाताला, म्हणजे चालवणाऱ्याच्या खिडकीत. ज्याने रस्त्यावरची नजर हलवायची नाही त्यालाच सगळा देखावा, आणि शेजारी बसलेल्याच्या वाट्याला दरडी आणि काजूची झाडं. माझं म्हणणं होतं, सरळ हायवेने खाली उतरावं आणि किनाऱ्याने वर येत राहावं. नवऱ्याचं म्हणणं, पुण्याहून ताम्हिणी उतरली की श्रीवर्धन समोरच, उगाच उलटा घास कशाला? गाडी तोच चालवणार होता, त्यामुळे निकाल ठरलेलाच होता. मी त्याच्या मागची खिडकी पटकावली.

त्याने आराखडा केला तो असा: रोज किती किलोमीटर, कुठे नाश्ता, कुठे जेवण, कुठे मुक्काम. शाळेत महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर म्हणून शिकलेला; तो एका सुट्टीत संपवायचा, असा एकूण आवेश. रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग कागदावर आहे हे खरं. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० नंतर, त्याचं स्वप्न दाखवलं गेलं. पण मधे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या आडव्या येतात. त्यांच्या मुखाशी खाड्या, आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणी गाडी अजून जंगलजेटीत, म्हणजे फेरीबोटीत चढवूनच पलीकडे न्यावी लागते. नकाशावर दाभोळ आणि गुहागर तालुका समोरासमोर. बोट चुकली तर दापोली-खेड-चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या पुढचा वळसा.

आईने तो कागद चष्मा लावून वाचला. तिचं माहेर श्रीवर्धनचं.
"किलोमीटर सगळे लिहिलेत तुम्ही," ती जावयाला म्हणाली, "पण पाणी कधी भरतं, कधी सुकतं, ते कुठाय?"

मग तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. किनाऱ्यावरच्या घराघरांत ठाऊक असलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला समुद्र भरलेला. तिथून सव्वासहा तासांनी सुकती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्हीकडे हात आखडता. नवऱ्याने लगेच फोनवरचा भरतीचा तक्ता उघडून ताडून पाहिलं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक निघाला. "गावागणिक पुढंमागं होतंच," आई म्हणाली. तिला तक्त्याचं काही विशेष वाटलं नाही.

या एका हिशेबाने आमचा सगळा आराखडा उलटापालटा झाला. किनाऱ्याला मुक्काम करायचा तो संध्याकाळसाठी; आणि संध्याकाळ कशी मिळणार, हे तिथी ठरवते. अष्टमीला सूर्य बुडताना समुद्र भरलेला असतो, चालायला वाळू कमी उरते. पौर्णिमेला त्याच वेळी सुकती असते, ओली वाळू लांबवर उघडी पडते, आणि समोर सूर्य मावळत असताना पाठीमागून चंद्र वर येतो. म्हणून आम्ही मार्गशीर्षातली पौर्णिमा मधे धरली आणि तिच्या दोन्ही बाजूंना मुक्काम टाकले. थंडीचे दिवस, नाताळची झुंबड अजून दूर. वेळासची कासवं मात्र यातून सुटली. पिल्लं समुद्रात जायला लागतात ती फेब्रुवारीनंतर.

मार्गशीर्षाची एक अडचण होती. आई त्या महिन्यात मासे खात नाही. कोकणात जाऊन मासे न खाणारं माणूस सोबत असलं की बाकीच्यांना उगाच अपराधी वाटतं. तिला वाटत नव्हतं, हा भाग वेगळा.

खोल्या ठरवताना मी आधी सगळीकडे "समुद्र दिसतो का?" असं विचारत होते. हा शहरी प्रश्न आहे. जुनी घरं समुद्राकडे पाठ करून, नारळी-पोफळीच्या आड असतात. खारा वारा अंगावर घ्यायची हौस तिथल्या कुणाला नाही. समुद्र दिसणाऱ्या खोल्या टेकाडावर, आणि तिथून वाळूत जायला पुन्हा गाडी काढा. विचारायचं ते हे: वाडीतून समुद्रावर वाट आहे का, आणि रात्री बेडं, म्हणजे वाडीचं फाटक, उघडं असतं का? जेवणाचंही आदल्या दिवशी सांगावं लागतं. मोदक हवे असतील तर त्याच्याही आधी. रोख पैसे जवळ हवेत, आणि तालुक्याच्या गावी पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी.

त्रयोदशीला हरिहरेश्वर. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे पूर्ण सुकती दुपारी चारला. तिथली प्रदक्षिणा समुद्राच्या कडेने, खडकांवरून आहे. पायऱ्या उतरून खाली जायचं आणि डोंगराला वळसा घालून वर यायचं. भरतीला ही वाट पाण्याखाली जाते, लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना झालेल्या आहेत. आम्ही साडेतीनला उतरलो तेव्हा खडक उघडे पडले होते. त्यांवर मधाच्या पोळ्यासारखी भोकं कोरलेली, प्रत्येक भोकात बोटभर पाणी. मुलगी प्रत्येक भोकाशी थांबत होती. चारच्या हिशेबाने आलो म्हणून तिला थांबू देता आलं.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून बोटीने सावित्री ओलांडून केळशी, आंजर्ले, आणि संध्याकाळी हर्णैचा मासळी बाजार. होड्या तिथे अगदी काठाला लागत नाहीत. माल बैलगाडीने पाण्यातून आणतात. बैल पोटापर्यंत पाण्यात, चाकं निम्मी बुडालेली, आणि गाडीवाला वर उभा. वाळूवर टोपल्यांचे ढीग लागले की लिलाव सुरू. आकडा कोण बोलतोय आणि कुणाला मिळाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. किरकोळ घ्यायचं तर बाजूला बसलेल्या बायकांकडे जावं लागतं. तिथे आई पुढे झाली. तिने पापलेटाचे कल्ले उचकटून पाहिले, सुरमई बोटाने दाबली, दोन वाटे नाकारले, आणि भाव निम्म्यावर आणला. स्वतः खाणार नव्हती, पण हर्णैला येऊन जावयाला कुणी शिळा मासा गळ्यात मारला तर तिच्या माहेराची काय राहिली? मुरुडच्या घरमालकीण काकूंनी तो मासा तळला आणि आईला ताटात मोठ्या मायेने डाळिंब्यांची उसळ वाढली.

पौर्णिमेला दाभोळ. धक्क्यावर गाड्यांची रांग, पुढे बर्फाचा टेम्पो, मागे एसटीची वाट बघणाऱ्या बायका. उतारावर गाळ होता. बोटीवरचा पोरगा हाताने खुणावत आमच्या गाडीला उलटी आत घेत होता आणि तोंडाने सारखा, "या, या, या... बस! गिअरमध्ये टाका." उरलेल्या फटींमध्ये त्याने दुचाक्या अशा कोंबल्या की दार उघडेना. पलीकडचं धोपावे दहा-पंधरा मिनिटांवर. तेवढ्या वेळात सगळे खिडकीतून डोकी बाहेर काढून वाशिष्ठी बघत राहिलो. किनारा जर खरोखर कुठे उलगडत असेल तर या बोटींवर, असं माझं मत झालं. पूल होतील तेव्हा गावकऱ्यांची सोय होईल, आजारी माणसाला रात्री-बेरात्री वळसा पडणार नाही, आणि ते व्हावेतच. पण प्रवासी म्हणून मला आणखी थोडे दिवस उशीर चालेल.

गुहागरला चार वाजता पोचलो. पौर्णिमेचा मुक्काम म्हणून त्या दिवशी दुसरं काहीच ठेवलं नव्हतं. मुलीने ओल्या वाळूत चपला कुठे काढल्या ते अंधारात सापडेनात. चंद्र सुरूच्या शेंड्यांवर आला तेव्हा मिळाल्या.

प्रतिपदेला हेदवीची बामणघळ. काळ्या खडकाला लांब चीर आहे, भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि शेवटाला अडून वर उसळतं. पाऊणला भरती, म्हणून आम्ही बाराला हजर. अर्धा तास काही नाही. चिरेत नुसती गुरगुर. पावसाळ्यासारखा फवारा हिवाळ्यात उडत नाही, हे चहावाल्याने आधीच सांगितलं होतं. साडेबाराच्या पुढे मात्र एकेका लाटेचा आवाज खालून वर चढत आला आणि पाणी माणसाच्या डोक्याच्या वर गेलं. नवऱ्याने घड्याळ पाहिलं, मग सासूकडे पाहिलं. बोलला काही नाही.

तवसाळहून बोटीने जयगड, मालगुंडला केशवसुतांचं घर, आणि आरे-वारेच्या चढावरून रत्नागिरी. या शेवटच्या तुकड्यात गाडी मी चालवली, त्यामुळे समुद्र अखेर माझ्या खिडकीत आला आणि मला तो बघता आला नाही.

रत्नागिरीला आम्ही थांबलो. विजयदुर्ग, देवगड, मालवण सगळं राहिलं, आणि ७२० किलोमीटरांचा कागद गाडीच्या खणात गेला. खालच्या अर्ध्यासाठी मी आचऱ्याच्या एका वहिनींना फोन करून ठेवला होता. तिथे रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं गाव गुरंढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं, गावपळण. वहिनी म्हणाल्या, "खोली देतंय, पण कौल मिळालो तर आमी गावातच नसतलव. तुमका जेवाण कोण घालतलो?" तारीख कधी कळेल, असं विचारलं, तर म्हणाल्या, ते देवाक विचारा. पुढच्या खेपेला खोली मालवणात घेणार आहोत. तिथेही आंगणेवाडीची जत्रा असते, आणि तिची तारीखसुद्धा कौलानेच ठरते.